स्वॅप (लिनक्स)

लिनक्समध्ये रॅम अपुरी पडू लागली की तिच्यातली काही पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) डिस्कवरच्या ज्या राखीव जागेत हलवली जातात, ती जागा म्हणजे स्वॅप. त्यासाठी वेगळे पार्टिशन ठेवतात किंवा साधी फाइल. एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रकारच्या) संगणकावर एक पान सहसा ४ किलोबाइटचे असते. पानांची अशी ने-आण मँचेस्टरच्या ॲटलस संगणकावर १९६२ सालीच होत होती. तिथे डिस्कऐवजी चुंबकीय ड्रम होता.

फाइलमधून वाचलेले पान बदललेले नसेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते बिनधास्त टाकून देतो, कारण लागलेच तर पुन्हा वाचता येते. प्रोग्रामने चालताना स्वतः तयार केलेल्या डेटाचे तसे नाही. या ‘अनामिक’ पानांना डिस्कवर स्वॅपखेरीज घर नसते. त्यामुळे ‘रॅम भरपूर आहे, स्वॅप कशाला?’ हा युक्तिवाद लंगडा पडतो. स्वॅप नसेल तर आठवडाभर कुणी न विचारलेले अनामिक पानही रॅम अडवून बसते आणि टंचाईत बळी जातो तो रोजच्या वापरातल्या फाइलींच्या पानांचा. मात्र रॅमच्या दुप्पट स्वॅप हा जुना नियम ६४ जीबीच्या संगणकाला लावण्यात अर्थ नाही.

मोकळी पाने ठरलेल्या पातळीखाली गेली की ‘केस्वॅपडी’ हा कर्नलचा धागा (थ्रेड, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे काम) जागा होऊन मागच्या मागे जागा मोकळी करू लागतो. त्यालाही मागणी झेपली नाही, तर मेमरी मागणाऱ्या प्रोग्रामलाच थांबून हे काम करावे लागते. संगणक अडखळतो तो इथे. ‘स्वॅपिनेस’ (मूळ मूल्य ६०) म्हणजे रॅम किती टक्के भरल्यावर स्वॅप सुरू होईल तो आकडा, असे अनेकजण समजतात. प्रत्यक्षात अनामिक आणि फाइलींच्या पानांपैकी कुणाकडे किती कल ठेवायचा, एवढेच तो सांगतो.

ताण आणखी वाढला की आत आणलेले पान लगेच बाहेर, बाहेर काढलेले लगेच आत, असा खेळ सुरू होतो. याला थ्रॅशिंग म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये त्याची मीमांसा केली. प्रोग्राम मेमरीसाठी किती वेळ खोळंबले हे मोजण्याची सोय कर्नलमध्ये २०१८ साली, ४.२० या आवृत्तीत आली.

कुठूनच जागा निघेना, तर ‘ओओएम किलर’ (मेमरी संपल्यावर धावणारी कर्नलची यंत्रणा) एखादा प्रोग्राम मारतो. बहुधा सर्वाधिक मेमरी खाणारा. या निवडीसाठी उणे १००० असे मूल्य दिलेला प्रोग्राम त्यातून वाचतो. दुरून लॉग-इन करू देणाऱ्या ओपनएसएसएचची मुख्य सेवा स्वतःला हेच मूल्य लावून घेते, म्हणजे कोलमडत्या सर्व्हरवर प्रशासकाला निदान लॉग-इन करता यावे.