कंपवात म्हणतात, पण बाबांचा हात थरथरतच नव्हता

मागच्या दिवाळीच्या सुमारास बँकेने बाबांचा चेक परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. आईने घरखर्चाची वही काढली तेव्हा लक्षात आलं की अक्षर दोन वर्षांपासून बारीक होत चाललंय, ओळ सुरू होते तेव्हा ठीक आणि संपेपर्यंत मुंगीएवढं. त्याआधी वर्षभर आम्ही उजवा खांदा आखडलाय म्हणून शेक, मलम, फिजिओ करत बसलो होतो. चालताना तो हात झुलायचा थांबला होता तेही दिसत होतं, पण वय झालं म्हणून सोडून दिलं. न्यूरोलॉजिस्टने पार्किन्सन्स म्हणजे कंपवात सांगितल्यावर आत्याचा पहिला प्रश्न, "अगं पण त्याचा हात कुठे थरथरतो?" आणि शेजारच्या गुजराती बेननी पण तेच, आ कंपवा न होय, म्हणजे हा कंपवात नव्हेच. हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की मी मागचा सगळा इतिहास वाचून काढला, म्हटलं एकदा नीट लिहून सगळ्या नातेवाईकांना देऊ.

गोंधळ नावातच आहे आणि तो फार जुना आहे. आयुर्वेदात कंपवात, माधवनिदानात वेपथु, गुजरातीत कंपवा, सगळीकडे थरथरच. लंडनच्या हॉक्स्टन भागात जेम्स पार्किन्सन नावाचा डॉक्टर होता, त्याने १८१७ साली एक छोटी पुस्तिका लिहिली, तीत आजाराचं नाव दिलं शेकिंग पाल्सी म्हणजे थरथरणारा लकवा. एकूण सहा पेशंट, त्यातले तिघे तर रस्त्यातच दिसलेले, एकाला नुसतं लांबून पाहिलेलं. तरी त्याने पुढे झुकलेलं शरीर आणि चालता चालता आपोआप पळायला लागणारी पावलं इतकी नेमकी टिपली की आजही वाचताना ओळख पटते. स्नायूंचा ताठपणा मात्र त्याच्याकडून निसटला, कारण हात लावून तपासलेले पेशंट थोडेच. त्याचा जन्म ११ एप्रिल १७५५ चा, म्हणून ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन असतो.

आत्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर पॅरिसच्या शार्को नावाच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरने दिलं, तेही दीडशे वर्षांपूर्वी. सालपेत्रिएर हॉस्पिटलमध्ये त्याच्याकडे शेकडो पेशंट होते, त्याने बघितलं की यातल्या काहींचा हात अजिबात थरथरत नाही आणि लकवा म्हणावा तर ताकद गेलेली नाही, मग हे नाव कसं चालेल? हालचाल मंद होते आणि अंग ताठ होतं ते त्याने वेगळं काढून दाखवलं, पेशंटच्या हस्ताक्षराचे नमुने जमवले आणि आजाराला पार्किन्सनचं नाव द्या म्हणून सांगितलं. बाबांची वही त्याने पाहिली असती तर त्याला एक मिनिट लागलं नसतं असं मला राहून राहून वाटतं. आज डॉक्टर निदान करतात ते पण मंदपणा बघून, बोटं आपटायला लावून, थरथर असली तर असली.

मेंदूत नेमकं कुठे बिघडतं ते कळायला आणखी पन्नास वर्षं गेली. १९१२ मध्ये लुई नावाच्या जर्मन डॉक्टरला पेशंटच्या मेंदूतल्या पेशींमध्ये गोळ्यासारखे साठे दिसले आणि १९१९ मध्ये त्रेतियाकॉफने दाखवलं की मेंदूच्या तळाशी जो काळसर पट्टा असतो त्यातल्या पेशी मरतात. पण त्या पेशी करतात काय हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते कळण्याची वाट आपल्या सर्पगंधा या औषधी वनस्पतीतून गेली, हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

१९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा रक्तदाबावर आणि वेडावर चालते असं लिहिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसरपीन वेगळं काढलं, जगभर वापरलं गेलं, आणि काही पेशंट पार्किन्सन्ससारखे आखडायला लागले. १९५७ मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसनने सशांना रेसरपीन दिलं, ससे कान पाडून निपचित, मग त्यांना डोपा, म्हणजे ज्याचं शरीरात डोपामिन बनतं ते द्रव्य, टोचलं तर थोड्याच वेळात उठून बसले. म्हणजे कमी पडतंय ते डोपामिन, त्या मरणाऱ्या पेशी बनवतात ते निरोप पोचवणारं रसायन! १९६० मध्ये व्हिएन्नात होर्निकीविचने वारलेल्या पेशंटच्या मेंदूत डोपामिन खरंच फार कमी असल्याचं दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी बिर्कमायरबरोबर लेवोडोपाची, म्हणजे त्याच डोपाची, इंजेक्शनं दिली तर अंथरुणात पडून असलेली माणसं काही तासांसाठी का होईना उठून चालली. कार्लसनला २००० साली नोबेल मिळालं.

गोळी व्हायला अजून थोडा वेळ लागला. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोत्झियासने डोपा तोंडाने देऊन यश मिळवलं, अगदी थोड्यापासून हळूहळू डोस वाढवत, म्हणून बाबांना पण डॉक्टरांनी अर्ध्या गोळीने सुरू करायला सांगितलं. उलट्या फार व्हायच्या, कारण बरंचसं औषध मेंदूत पोचायच्या आधीच डोपामिन होऊन जायचं. ते अडवायला कार्बिडोपा जोडलं, त्या जोडगोळीचं पहिलं नावच सिनेमेट, लॅटिनमध्ये उलटीविना. बाबांच्या स्ट्रिपवर दोन नावं का असतात ते यामुळे.

आता गोळी जेवणाआधी अर्धा तास का, यावरून आमच्याकडे रोज वाद. लेवोडोपा हे अमिनो आम्ल आहे, म्हणजे वरण, दूध, पनीर यातल्या प्रोटीनचं भाऊबंद, आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरायला दोघांना एकच दार. वाटीभर वरणाबरोबर गोळी घेतली तर गोळी रांगेत मागे राहते. आईला हे असं सांगितल्यावर पटलं, आता साडेबाराला गोळी आणि एकला जेवणाचं पान.

आणि खाजकुइली. थंडीत इथे गुजरातेत खाजकुइलीच्या बियांचा कौचापाक घरोघरी होतो, तर ओळखीच्या एकांनी चूर्णाचा डबाच आणून दिला. तो माणूस काही खोटं बोलत नव्हता, खाजकुइलीच्या बियांमध्ये खरोखर लेवोडोपा असतं, १९३७ मध्येच मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामींनी ते छापलंय. २००४ मध्ये लंडनला आठ पेशंटवर तुलना झाली, ३० ग्रॅम चूर्णाचा असर गोळीपेक्षा लवकर सुरू झाला. पण म्हणूनच गोळीवर चूर्ण म्हणजे डोसावर डोस, आणि चमच्यात किती औषध आहे ते डब्यावर कुठेच लिहिलेलं नाही. डबा मी डॉक्टरांकडे घेऊन गेले, त्यांनी तूर्त बाजूला ठेवायला सांगितला. गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही हेही त्यांनी दोनदा बजावलं.

गोळीने सगळं होत नाही. हिंगाच्या फोडणीचा वास बाबांना कितीतरी वर्षं येत नाहीये, बद्धकोष्ठ तर जुनंच, झोपेत हातपाय झाडायचे, आता कळतंय की ही सगळी आधीची लक्षणं होती. आणि उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. त्यावर दोन उपाय आहेत, जमिनीवर आडव्या पट्ट्या, किंवा ताल. ठेक्यावर चालवल्याने चाल सुधारते हे १९९६ मध्ये मायकल थाउटच्या टीमने मोजून दाखवलं. फिजिओने मोबाईलवर टकटक ठेका देणारा मेट्रोनोम लावून दिला, बाबांनी दोन दिवसांत बंद केला. लहानपणी ते इथल्या म्युझिक कॉलेजात तबला शिकलेले. आता माजघरातून स्वयंपाकघरात जाताना उंबऱ्यापाशी अडकले की मांडीवर बोटं आपटतात, तोंडाने धा धिं धिं धा म्हणतात, आवाज पूर्वीपेक्षा बारीक झालाय पण ठेका पक्का आहे, आणि समेवर पाय पलीकडे पडतो.