पातळ थर वर्णलेखन : बेळगाव सीमाभागातील मालाच्या संदर्भात

पातळ थर वर्णलेखन ही मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखण्याची पद्धत आहे. इंग्रजीत तिचे नाव थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, म्हणून प्रयोगशाळेत तिला सर्रास ‘टीएलसी’ म्हणतात. काचेवर किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सिलिका जेलचा ०.२ ते ०.२५ मिमी जाडीचा थर दिलेला असतो. खालच्या कडेपासून सेंटीमीटरभर वर पेन्सिलीने फिकट रेघ मारायची, तिच्यावर नमुन्याच्या द्रावणाचे बारीक ठिपके द्यायचे आणि तळाशी थोडा विद्रावक (विरघळवणारा द्रव) असलेल्या झाकणाच्या काचपात्रात प्लेट उभी करायची. शाईच्या पेनने रेघ मारली तर शाईच विद्रावकाबरोबर वर चालू लागते. टीपकागदावर पाणी चढावे तसा विद्रावक केशाकर्षणाने चढत जातो. सिलिकाला चिकटून राहणारे ध्रुवीय (रेणूत विद्युतभार असमान वाटलेले) घटक मागे पडतात, बाकीचे पुढे सरकतात. घटकाने कापलेल्या अंतराला विद्रावकाने कापलेल्या अंतराने भागले की आरएफ मूल्य मिळते. ते ० ते १ यांच्या दरम्यान असते.

खारकीव्ह येथे १९३८ मध्ये इझमायलोव्ह आणि श्रायबर यांनी काचेवर ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या पुडीचा) थर पसरून औषधी वनस्पतींचे अर्क तपासले, तिथून या पद्धतीची सुरुवात धरतात. अमेरिकेत किर्चनर यांनी १९५१ मध्ये बंधक (पूड धरून ठेवणारा पदार्थ) घालून थर काचेवर पक्का बसवला. जर्मनीत एगोन श्टाल यांनी १९५६ नंतर सिलिका, थराची जाडी, उपकरणे यांना ठरीव रूप दिले आणि टीएलसी जगभर पसरली. बेळगावजवळ यमनापूरला बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढणारा मोठा कारखाना आहे. वर्णलेखनासाठी लागणारी ॲल्युमिना मात्र ठरावीक कणांची आणि मुद्दाम सक्रिय केलेली असते. कारखान्यातली कोणतीही पांढरी पूड उचलून थर देता येत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या सीमाभागातला माल पाहिला तर ही पद्धत इथे का उपयोगी पडावी ते कळते. मिरची, हळद, चामड्याच्या चपला, रंगवलेले सूत, यंत्रांची तेले असा बहुतेक माल छोट्या उत्पादकांकडून लहान लहान लॉटमध्ये येतो. प्रत्येक लॉट महागड्या यंत्रावर चढवणे परवडत नाही. टीएलसीच्या एका प्लेटवर दहा-बारा नमुने शेजारी शेजारी चालवता येतात आणि साधारण अर्ध्या तासात संशयित लॉट बाजूला काढता येतो.

मिरचीचे उदाहरण सगळ्यांत बोलके आहे. या भागात रंगासाठी ब्याडगी आणि झणझणीतपणासाठी संकेश्वरी मिसळून चटणी कांडायची रीत आहे. जुन्या, फिकट पडलेल्या मिरचीला तजेला आणण्यासाठी कोणी सुदान रंग मिसळतो. हे रंग तेलात विरघळणारे, ॲझो नावाच्या कृत्रिम रंगांच्या गटातले औद्योगिक रंग आहेत. अन्नात त्यांना परवानगी नाही. २००३ मध्ये भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात फ्रान्सला सुदान-१ सापडला आणि युरोपीय संघाने मिरचीच्या आयातीला तपासणीचा दाखला सक्तीचा केला. तपासताना चटणीचा अर्क काढून तो शुद्ध सुदान रंगांच्या ठिपक्यांशेजारी चालवतात. रंग स्वतःच दिसतात, त्यामुळे रंगहीन ठिपके उमटवायला मारतात तसा रसायनाचा फवारा लागत नाही. अडचण एवढीच, की मिरचीतली नैसर्गिक रंगद्रव्ये, म्हणजे कॅरोटिनॉइड, हीही लाल-पिवळीच असतात आणि नवखा माणूस त्यांनाच सुदान समजतो. इथे संहत सल्फ्युरिक आम्लाची मदत होते : त्याने कॅरोटिनॉइडचे ठिपके निळे पडतात. शिवाय उजेडात उघडी ठेवलेली प्लेट दुसऱ्या दिवशी पाहिली तर कॅरोटिनॉइड बरेच विटलेले असतात, सुदान तसाच टिकून असतो.

हळदीत कुरकुमिन आणि त्याचे दोन भाऊबंद असे तीन पिवळे ठिपके येतात. क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल ९५:५ प्रमाणात घेतले तर कुरकुमिन सर्वांत वर राहते. मेटॅनिल येलो हा कृत्रिम रंग मिसळला असेल तर चौथा, भलत्याच जागी बसलेला पिवळा ठिपका दिसतो. पण भेसळ लेड क्रोमेट या शिशाच्या पिवळ्या रंगाची असेल तर टीएलसी काही सांगत नाही. ते अविद्राव्य अकार्बनी क्षार असल्याने अर्कातच उतरत नाही. स्वच्छ प्लेट पाहून हळद निर्भेळ ठरवणे म्हणूनच धोक्याचे.

मिठाईतल्या पाण्यात विरघळणाऱ्या रंगांसाठी एक जुनी, सुंदर युक्ती अजून चालते. पदार्थाच्या आम्लयुक्त अर्कात पांढरी लोकर उकळायची. कृत्रिम आम्ल-रंग लोकरीवर चढतो, साखर-स्टार्च मागे राहतात. लोकर धुऊन सौम्य अमोनियात तापवली की रंग सुटतो आणि तो थेंब प्लेटवर किंवा वर्णलेखनाच्या कागदावर जातो.

चामड्याचा प्रश्न निर्यातीशी जोडलेला आहे. कोल्हापुरी चपलेच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगावसह चार जिल्हे आहेत. अथणी आणि निपाणीकडे हा धंदा जुना आहे. कमावणी वनस्पतिजन्य असली, तरी वरून दिलेला रंग ॲझो प्रकारचा असू शकतो. काही ॲझो रंगांपासून बेन्झिडीनसारखे कर्करोगकारक ॲमाइन सुटतात. भारताने १९९७ पर्यंत असे एकूण ११२ रंग हाताळण्यावर बंदी घातली. युरोपात अशा प्रत्येक ॲमाइनची मर्यादा किलोला ३० मिग्रॅ. आहे. तपासणीत चामड्याचे बारीक तुकडे ७० अंशांच्या बफर (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या) द्रावणात घेऊन रंगाचे सोडियम डायथायोनाइटने क्षपण करतात, म्हणजे तो रंग तोडतात, सुटलेले ॲमाइन ईथरमध्ये घेतात आणि मग ते प्लेटवर पाहता येतात. बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या मागांवरच्या रंगीत सुतालाही हीच कसोटी लावता येते.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या कारखान्यांत लागणाऱ्या तेलांतली गंधकयुक्त पूरके पॅलेडियम क्लोराइडच्या फवाऱ्याने पिवळी-तपकिरी उमटतात. फॉस्फरस-गंधकयुक्त कीटकनाशकेही याच फवाऱ्याने दिसतात. विषबाधेच्या प्रकरणांत न्यायवैद्यक प्रयोगशाळा हेक्झेन-ॲसिटोन मिश्रणात प्लेट चालवतात. धुण्याच्या पावडरीतले उजळक ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली निळे चमकतात.

या भागात हवेचा विचार केल्याशिवाय टीएलसी करू नये. सिलिका ओलावा ओढून घेते, तिची पकड सैल होते आणि ठिपके नेहमीपेक्षा वर जातात. खानापूरच्या जुलैमधल्या पावसात चालवलेली प्लेट आणि अथणीच्या कोरड्या एप्रिलमधली प्लेट यांचे आरएफ जुळतील अशी अपेक्षाच चूक. प्लेट १०५ ते ११० अंशांवर अर्धा तास तापवून कोरड्या पेटीत ठेवावी. त्याहून महत्त्वाचे, पुस्तकातल्या आरएफवर विसंबून निर्णय देऊ नये. शुद्ध मानक त्याच प्लेटवर, नमुन्याला खेटून चालवावे. ठिपक्याला शेपूट आले तर बहुधा नमुना जास्त पडलेला असतो. अर्क पातळ करून पुन्हा चालवावे.

‘आहे का?’ हे टीएलसी चांगले सांगते, ‘किती आहे?’ हे ढोबळच. बारीक कणांच्या प्लेट आणि डेन्सिटोमीटर (ठिपक्याची गडदता मोजणारे यंत्र) वापरणारी एचपीटीएलसी ही सुधारित पद्धत मोजमापही करते, पण तिचा खर्च वेगळा. दोन भिन्न पदार्थ एकाच उंचीवर थांबू शकतात, म्हणून संशयित ठिपका दुसऱ्या विद्रावक-मिश्रणात पुन्हा पाहतात आणि मग एचपीएलसी (दाबाखाली द्रव ढकलणारी यांत्रिक वर्णलेखन पद्धत) किंवा रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या वस्तुमान वर्णपटाने पक्का करतात. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६ नुसार अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो आणि अन्न विश्लेषकाला नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यावा लागतो. व्यापाऱ्याने मागणी केल्यास एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. प्लेटचे रंग विटतात, म्हणून विद्रावक वाळताच तिचा फोटो साध्या उजेडात आणि अतिनील दिव्याखाली काढून नोंदवहीत लावतात.