पार्श्वभूमी: पिस्टन आणि व्हॉल्व यांच्यातली फट

म्हापशापासून मडगावपर्यंत कुठल्याही गॅरेजमध्ये "क्लिअरन्स बघितला का?" असं विचारा, मेस्त्री फिलर गेजची (फट मोजायची) पानं उघडून टॅपेटकडे, म्हणजे व्हॉल्व ढकलणाऱ्या भागाकडे वळणार. त्याची चूक नाही, त्या शब्दावर टॅपेटने फार आधी हक्क सांगितलाय. इंजिन पुन्हा बांधताना पिस्टनचा माथा आणि उघडा व्हॉल्व यांच्यात जी फट राहायला हवी, तिला मात्र आपल्याकडे धड नाव मिळालं नाही. आणि ज्याला नाव नाही ते कामाच्या यादीत येत नाही.

जुन्या इंजिनांत हा प्रश्नच नव्हता. साइड-व्हॉल्व इंजिनात व्हॉल्व सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच उभे असतात. पिस्टनच्या वाटेत ते येतच नाहीत. 1908 ची मॉडेल टी तशीच. आपली अँबॅसडरसुद्धा 1476 सीसीचं साइड-व्हॉल्व इंजिन घेऊन आली आणि 1959 मध्ये तिला 1489 सीसीचं ओव्हरहेड-व्हॉल्व इंजिन मिळालं. जुन्या जीपचं एक इंजिन तर अर्धं-अर्धं होतं: इनटेक (हवा आत घेणारा व्हॉल्व) हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) ब्लॉकमध्ये. व्हॉल्व डोक्यावर आले तेव्हा धडकेची शक्यता जन्माला आली. पण व्हॉल्व उघडणारे कॅम सौम्य होते, कॉम्प्रेशन कमी होतं, त्यामुळे पुरेशी फट सहसा आपोआप सुटत असे. 1961 नंतर गोव्यात जी गॅरेजं वाढली त्यांचा हात अँबॅसडर आणि 1089 सीसीच्या फियाटवर बसला. हेडला फेस मारा (तासून सपाट करा), गॅस्केट घाला, टॅपेट लावा, गाडी चालू. फार तर चढावर नॉकिंगची तक्रार यायची.

ही सवय पुढच्या पिढीच्या इंजिनांना लागू केली, तिथे गडबड झाली. पिस्टनचा क्रँक आणि कॅम यांना जोडणारा दातेरी टायमिंग बेल्ट 1962 मध्ये एका छोट्या जर्मन कंपनीच्या गाडीत आला. आपल्या रस्त्यांवर तो खऱ्या अर्थाने पसरला 1983 नंतर, 796 सीसीच्या छोट्या गाडीबरोबर. कॅम हेडमध्ये गेला, हेड ॲल्युमिनियमचं झालं. किनारपट्टीवर कूलंटऐवजी रेडिएटरमध्ये विहिरीचं मचूळ पाणी ओतायची पद्धत अजून पूर्ण गेलेली नाही. त्या पाण्याने पाण्याच्या वाटा खाल्ल्या जातात, गाडी तापते, हेड वाकडं होतं आणि लेथवर जातं. दर फेसिंगला थोडा धातू जातो आणि व्हॉल्व तेवढेच पिस्टनच्या जवळ येतात. शिवाय हेड खाली आल्याने कॅम आणि क्रँक यांच्यातलं अंतरही कमी होतं आणि कॅम किंचित मागे पडतो, म्हणजे व्हॉल्व जरा उशिरा उघडतात-मिटतात. 0.3 मिमी फेसिंगला हा फरक क्रँकच्या एका अंशाच्या आतच असतो, पण त्याची दिशा वाईट: इनटेकला थोडी मोकळीक मिळते, एक्झॉस्टची फट मात्र दोन्हीकडून कमी होते. त्यात बेल्ट एक दाता चुकला तर बोलायलाच नको. 40 दात्यांच्या कॅम पुलीवर एक दाता म्हणजे क्रँकचे 18 अंश. हेड काढल्यावर पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी खूण दिसते, ती व्हॉल्वच्या धडकेची.

आता शब्दांचा गुंता, कारण माझ्या मते मूळ दुखणं तिथे आहे. टॅपेट क्लिअरन्स म्हणजे रॉकर किंवा कॅम आणि व्हॉल्वची दांडी यांच्यातली फट, व्हॉल्व बंद असतानाची, मिलिमीटरच्या दशांशांतली. इथे चाललंय ते व्हॉल्व उघडा असतानाचं. दुसरा शब्द खाणपट्ट्यातून आला. डिचोली, उसगाव, सावर्डे भागात टिपरची डिझेल इंजिनं बांधणारे "बंपिंग" मोजतात: पिस्टनवर शिशाची तार ठेवायची, हेड आवळायचं, इंजिन फिरवायचं, चेपलेली तार मोजायची. पद्धत उत्तम आहे, पण ती पिस्टन आणि हेड यांच्यातलं अंतर सांगते, व्हॉल्वचं नाही. तरीही "बंपिंग घेतलंय ना, मग झालं" हे उत्तर सर्रास मिळतं. जुन्या पोर्तुगीज शब्दानेही सुटका होत नाही. 'फोल्गा' म्हणजे सैलपणा, व्हॉल्वची फोल्गा म्हणजे पुन्हा टॅपेटच. (त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सुट्टी, आणि या मोजणीला आपल्याकडे बहुधा तीच मिळते.)

हा नुसता भाषेचा वाद नाही. एका फटीचा दुसरीवर थेट परिणाम होतो. टॅपेट सैल ठेवून मोजलं तर व्हॉल्व कमी उघडतो आणि फट खोटीच मोठी दिसते. हायड्रॉलिक लिफ्टर (तेलाच्या दाबाने टॅपेटची फट आपोआप भरणारे) असतील तर ते मोजताना दबतात आणि तीच फसवणूक करतात. म्हणून तपासणीपुरता घन लिफ्टर आणि हलकी स्प्रिंग लावतात.

आकड्यांचंही तसंच. इनटेकला 0.080 इंच, एक्झॉस्टला 0.100 इंच, म्हणजे साधारण 2 आणि 2.5 मिमी, हा नियम शर्यतीच्या, मोठ्या कॅमच्या जगातून आलेला. एक्झॉस्टला जास्त, कारण तो अधिक तापतो, लांबतो, आणि शिवाय वर येणारा पिस्टन त्याच्या पाठलागावर असतो. स्प्रिंग मंदावून व्हॉल्व मागे राहिला की पिस्टनच त्याला गाठतो. इनटेकच्या बाबतीत उलट, तिथे व्हॉल्व खाली जाणाऱ्या पिस्टनच्या मागे धावतो. पण हाच आकडा साध्या प्रवासी गाडीवर लादणं मला पटत नाही. कारखान्यातून आलेल्या अनेक इंजिनांत, डिझेलमध्ये तर नक्कीच, फट त्याहून कमी असते. तिथे प्रमाण मानायचं ते त्या इंजिनाच्या पुस्तिकेतला आकडा, आणि तो नसेल तर फेसिंगआधी स्वतः घेतलेलं माप.

"हाताने दोन फेरे फिरवलं, कुठे अडकलं नाही" ही सर्वात लोकप्रिय तपासणी. तिने एवढंच सिद्ध होतं की फट शून्य नाही. टीडीसीवर, म्हणजे पिस्टन सर्वात वर असताना, थांबून बघणंही पुरेसं नाही. इनटेक सर्वात जवळ येतो तो टीडीसीनंतर 10 अंशांच्या आसपास, एक्झॉस्ट तेवढाच आधी. 84 मिमी स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन त्या 10 अंशांत जेमतेम 0.8 मिमी खाली सरकतो, व्हॉल्व मात्र वेगाने उघडत असतो. म्हणून मातीची पद्धत: पिस्टनवर मऊ थर, व्हॉल्वला तेलाचा हात, दोन फेरे, आणि मग ठसा कापून सर्वात पातळ जागा मोजायची. चवथीच्या चित्रशाळेतली (गणपती घडवायची) माती चालेल का, हा प्रश्न मला दोनदा विचारला गेलाय. नको, ती सुकते, तडकते, कण सोडते. मुलांची तेलकट रंगीत माती बरी. डायल गेजने अंश-अंशाला मोजणं जास्त अचूक, पण वेळखाऊ.

अलीकडच्या दोन गोष्टींनी काम आणखी किचकट केलंय. डिझेलच्या हेड गॅस्केटवर जाडी सांगणारी भोकं किंवा खाचा असतात. जुन्यावर जितकी भोकं तितकीच नव्यावर, असं धरून चालणं ब्लॉकला फेस मारल्यावर चालत नाही, पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते नव्याने मोजावं लागतं. दुसरी गोष्ट व्हीव्हीटीची, म्हणजे इंजिन चालू असताना व्हॉल्वची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेची. बाकावर इंजिन बांधताना इनटेक कॅमचा फेझर (कॅम पुढे-मागे फिरवणारा भाग) बहुतेक वेळा मागच्या टोकाला, खिळीने अडकलेला असतो. मातीत उमटतो तो त्या स्थितीतला ठसा. रस्त्यावर तेलाचा दाब आला की तोच कॅम कित्येक अंश पुढे जातो, व्हॉल्व आधी उघडतो, आणि फट मोजली होती त्याहून कमी होते. मोजायची ती फेझर पूर्ण पुढे धरून.