मसुद्यात अडकलेली वंशावळ

नागपुरात घरोघरी वंशावळ निघाली ती हौसेपेक्षा जात पडताळणीसाठी जास्त. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मग कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, पणजोबांचा शाळेतला दाखल-खारीज उतारा आणि शपथपत्रावरची वंशावळ असं बाड तयार होतं. महालातल्या डीटीपीवाल्याकडून छापलेला तो कागद पुढे एक पुतण्या एका प्रोग्राममध्ये भरतो, पुण्यातली चुलत बहीण दुसऱ्यात. दोन्ही जुळवायला बसलं की निम्मे पूर्वज प्रश्नचिन्हं होऊन येतात, काकूंची माहेरची नावं गळतात आणि दोघंही एकमेकांच्या प्रोग्रामला नावं ठेवतात. खोट बरीच आधीची आहे.

जेडकॉम हा एका प्रोग्राममधली वंशावळ दुसऱ्यात नेण्यासाठीच्या फाइलीचा साचा १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका चर्चच्या वंशावळ विभागाने काढला. सुरुवातीच्या आवृत्त्यांशी आज कुणाचं काही अडत नाही. १९९६ मध्ये ५.५ आली आणि लहानमोठ्या सगळ्या प्रोग्रामांनी ती धरली. त्या चर्चच्या धार्मिक विधींना तिच्यात स्वतंत्र टॅग, म्हणजे माहिती कशाची आहे हे सांगणाऱ्या खुणा, होते. जातीलाही होता, हे ऐकून आपल्याकडे अनेकांना नवल वाटतं. गोत्र आणि कुलदैवताला अर्थातच नव्हता. तारखांसाठी ग्रेगोरियन, ज्युलियन, ज्यू आणि फ्रेंच क्रांतीचं अशी चार कॅलेंडरं दिली होती. शके कुठेच नाही. लिपीसाठी मुख्य भिस्त अॅन्सेल या ग्रंथालयांच्या जुन्या संकेतावर (अक्षरं फाइलीत साठवायच्या पद्धतीवर), आणि तो रोमन अक्षरांपुरता. युनिकोडचा पर्याय कागदावर होता, पण तो दोन-दोन बाइटांचा आणि फार थोड्या प्रोग्रामांनी उचललेला.

त्याच काळात आपल्याकडे कृतिदेवसारख्या फॉन्टांचं राज्य होतं. त्यात पडद्यावर दिसे ‘राम’, फाइलमध्ये मात्र साठत जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं. बऱ्याच विंडोज प्रोग्रामांनी अशा फाइलींवर ‘एएनएसआय’ या विंडोजच्या संकेताचा शिक्का मारला, जो ५.५ च्या नियमांत मुळात बसतच नव्हता. तोच फॉन्ट असलेल्या मशीनवर सगळं झकास, दुसरीकडे नुसता कचरा. छपाई उत्तम निघत असल्यामुळे फाइल निकामी आहे हे वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

१९९९ च्या ऑक्टोबरात ५.५.१ चा मसुदा आला. मराठी कुटुंबाला जे हवं ते नेमकं याच्यात होतं. यूटीएफ-८ ला, म्हणजे युनिकोड साठवायच्या एका पद्धतीला, मान्यता मिळाली, म्हणजे देवनागरी सरळ लिहिता आली. नावाला प्रकार जोडता येऊ लागला: जन्माचं, लग्नानंतरचं, उर्फ. ज्या घरात ‘विमल बोबडे’ लग्नानंतर ‘शालिनी देशकर’ होते, तिथे ही सोय नसेल तर एकाच बाईच्या दोन बाया होतात, किंवा पहिलं नाव राहून दुसरं टिपेत जाऊन पडतं. रोमन लिपीतल्या रूपासाठीही वेगळी जागा केली होती. अमेरिकेतल्या नातवंडांसाठी ती मोलाची.

आणि हा मसुदा वीस वर्षं मसुदाच राहिला. तो काढणाऱ्यांच्या स्वतःच्या मोफत प्रोग्रामने यूटीएफ-८ वापरायला सुरुवात केली, पण अधिकृत प्रमाण म्हणून बोट ५.५ कडेच दाखवलं जात राहिलं. एक बाजू म्हणे, मसुद्यावर कोड लिहिणं धोक्याचं, उद्या तो बदलेल. दुसरी म्हणे, सगळे वापरतात तेच प्रमाण. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतं, पण किंमत रोमनबाहेरच्या लिप्यांनी मोजली. इंग्रजी नावांच्या घराण्याला या वादाचा पत्ताही लागला नसेल. कुणी डोक्यावर ५.५ लिहून आत यूटीएफ-८ भरलं, कुणी ५.५.१ लिहून नावाचे प्रकार गाळले, कुणी अधोरेषेने सुरू होणारे स्वतःचे टॅग घुसडले, जे दुसऱ्या प्रोग्रामला कळणं बंधनकारक नव्हतं. ओळीला २५५ अक्षरांची मर्यादा होती. काहींनी अक्षरांऐवजी बाइट मोजले. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, म्हणून लांब टीप शब्दाच्याच नव्हे, चिन्हाच्याही पोटात तुटायची आणि सांध्यावर काळे चौकोन उगवायचे.

दत्तकाची सोय मात्र ५.५ पासूनच होती. मुलाचा कुटुंबाशी धागा जन्माचा की दत्तकाचा, हे सांगणारा टॅग आहे. पण बरेच प्रोग्राम तो वाचतच नाहीत, आणि मुलाला दोन्हीकडे सख्खा करून टाकतात. दत्तक नामंजूर करून ज्या गावचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, तिथल्या माणसाला हा तपशील किरकोळ वाटू नये.

मधल्या काळात एक्सएमएलवर आधारित ६.० ची घोषणा झाली आणि ती विरली. २०१३ च्या जुलैमध्ये तो मोफत प्रोग्रामही बंद झाला, तेव्हा जुन्या फाइली बाहेर काढायला एकच धावपळ उडाली. शेवटी २०१९ मध्ये ५.५.१ अधिकृत झाली, आणि २०२१ मध्ये ७.० आली. तिच्यात यूटीएफ-८ सोडून दुसरा संकेतच नाही, २५५ ची मर्यादा उठली, ओळी तोडणारा टॅग काढला, फोटोंसकट सगळं एका गठ्ठ्यात पाठवायची सोय झाली. कॅलेंडरं मात्र तीच चार. शके अजूनही टिपेतच लिहावे लागतात, नाहीतर स्वतःच्या टॅगात. ७.० लिहिणारे प्रोग्राम वाढताहेत, तरी दोन वेगळ्या प्रोग्रामांत देवाणघेवाण करायची तर आज बहुतेकदा ५.५.१ चीच फाइल निघते, आणि डीटीपीवाल्याकडच्या जुन्या फॉन्टातली वंशावळ त्याआधी युनिकोडमध्ये उतरवून घ्यावीच लागते.