घड्याळातलं सोनं आणि त्यातलं हीण

आजोबांचं जुनं स्विस घड्याळ आणि भाच्याचं नवं रोलेक्स म्हापशातल्या आमच्या नेहमीच्या सोनाराकडे शेजारी शेजारी ठेवलं, तेव्हा दोन्हींतलं सोनं सारखं नसावं, ही घरच्यांची शंका मलाही खरी वाटू लागली. आजोबांचं फिकट, हळदीच्या पाण्यासारखं. नवं मात्र घासलेल्या तांब्याच्या कळशीकडे झुकणारं. शेटनी भिंग लावून जुन्याचं मागचं झाकण आतून पाहिलं. तिथे बाईच्या मुखवट्याचा बारीक ठसा आणि 0.750 असा आकडा. म्हणाले, "सोनं दोघांत तेवढंच. हीण वेगळं."

हीण हा शब्द आपण नाक मुरडून वापरतो, पण घड्याळाचा रंग तेच ठरवतं. चोख सोनं घड्याळाच्या बाहेरच्या कवचासाठी, म्हणजे केससाठी, फार मऊ. म्हणून 18 कॅरटमध्ये हजारात 750 भाग सोनं आणि उरलेले 250 भाग मुख्यतः चांदी नि तांबं. चांदी वाढली की रंग फिकट, हिरवट. तांबं वाढलं की लालसर. दोन्ही 125-125 घातली की ओळखीचा पिवळा येतो, त्याला 3एन म्हणतात. तांबं 205 आणि चांदी अवघी 45 केली की 5एन, म्हणजे लाल सोनं. रंगांची ही नावं आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या 8654 क्रमांकाच्या मानकात आहेत.

पूर्वी घड्याळ कंपन्या केस बहुधा बाहेरच्या कारागिरांकडून घेत. प्रत्येकाचं मिश्रण आपापलं, त्यामुळे एकाच नावाच्या दोन घड्याळांत छटा वेगळी निघाली तर त्यात संशयास्पद काही नाही. त्यात देशोदेशीचे कायदे. इंग्लंडने 1854 मध्ये 9 कॅरटलाही मान्यता दिली, म्हणजे हजारात फक्त 375 भाग सोनं. अमेरिकेत 14 कॅरटची चलती. पोर्तुगालात तर हजारात 800 चा कस रुळलेला. मुलामा दिलेल्या घड्याळांची गोष्ट निराळीच: तिथे दिसतो तो वरच्या काही मायक्रॉनच्या थराचा रंग, आणि कडा झिजल्या की खालचं पितळ डोकावतं.

आता मोठ्या कंपन्या रंग स्वतःच्या हातात ठेवतात. रोलेक्सची स्वतःची भट्टी आहे. 2005 मध्ये त्यांनी एव्हरोझ नावाचं गुलाबी सोनं आणलं; त्यात थोडं प्लॅटिनम असतं, ते गुलाबी छटा उतरू नये म्हणून. ओमेगाने सेडना नावाच्या लालसर सोन्यात तांब्याबरोबर पॅलेडियम घातलं, आणि 2019 मध्ये मूनशाइन नावाचं नेहमीच्या पिवळ्याहून फिकट सोनं काढलं. म्हणजे नवं ते लाल आणि जुनं ते पिवळं, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. 1940 च्या दशकातली गुलाबी सोन्याची घड्याळंही भरपूर आहेत.

वयाचाही रंग चढतो. सोनं गंजत नाही, पण त्यातलं तांबं आणि चांदी हवेशी, घामाशी हळूहळू खेळत राहतात. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत तर अधिकच. आजोबांच्या घड्याळाला पट्टा अडकवायचे जे कान आहेत, त्यांच्या खालच्या बेचक्यात, जिथे बोट पोचत नाही, तिथे तपकिरी-तांबूस झाक आहे. वरचा घासला गेलेला भाग तेवढा फिकट. पॉलिशचा प्रत्येक हात सोन्याचा एक पापुद्रा घेऊन जातो. आधी कडा गोल होतात, मग बाहेरचे ठसे पुसट.

शेटनी विचारलं, "उजाळा देऊ?" मी नको म्हटलं. पट्टा तेवढा नवा घालून घेतला.