चांदी भरण्यापासून चांदीच्या थेंबापर्यंत : दात न कोरता कीड थांबवण्यामागचे संशोधन

'दातात चांदी भरली' हे मराठी घरांत दोन-तीन पिढ्या ऐकू येणारे वाक्य. ती चांदी म्हणजे अमाल्गम, म्हणजे पारा आणि चांदी-कथील-तांब्याच्या भुकटीचा लगदा. तो बसवायचा तर आधी दात कोरून त्याला घट्ट बसणारा खड्डा करावा लागे. आज मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दातांवर जी चांदी लावतात ती पातळ असते. तिचे नाव ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, थोडक्यात एसडीएफ. भूल नाही, मशीन नाही. कापसाने दात कोरडा करायचा, बारीक ब्रशने थेंब टेकवायचा, मिनिटभर थांबायचे. किडलेला भाग काळा पडतो आणि कडक होतो.

या थेंबात काय असते ते आधी पाहू. द्रावणात फ्लोराइड सुमारे ४४,८०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि चांदी अडीच लाख पीपीएमच्या घरात. अमोनियामुळे द्रावण अल्कधर्मी राहते, पीएच १० च्या आसपास, आणि चांदी त्यात विरघळलेली टिकते. आकडे ऐकून पालक दचकतात, आणि चंद्रपूर, यवतमाळ किंवा नांदेडच्या फ्लोराइडग्रस्त गावांतले पालक दचकले तर त्यात नवल नाही. म्हणून हिशेब मांडायलाच हवा. एक थेंब साधारण २५ मायक्रोलिटरचा. त्यात फ्लोराइड येते सुमारे १.१ मिलिग्रॅम. भारतीय मानकानुसार दुसरा स्रोत नसेल तर पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालवून घेतात. म्हणजे असे एक लिटर पाणी पिण्याने जेवढे फ्लोराइड पोटात जाते त्याहून थेंबात कमीच असते; पाणी रोज प्यावे लागते, थेंब वर्षातून दोनदा लावतात, आणि एका थेंबात चार-पाच दात होतात.

दाताला चांदी लावण्याची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतले दंतवैद्य सिल्व्हर नायट्रेट किडीवर लावत होते. १९१७ मध्ये बॉस्टनच्या पर्सी हॉव यांनी अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटची पद्धत मांडली. द्रावण किडलेल्या डेंटिनमध्ये, म्हणजे इनॅमलखालच्या थरात, मुरवायचे आणि फॉर्मेलिन किंवा लवंगेतल्या युजेनॉलने त्यातली चांदी तिथेच धातुरूपात बसवायची. 'हॉवचे द्रावण' पुढची काही दशके दवाखान्यांत होते. पण त्याच काळात अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांची शिस्त दंतवैद्यकाचा पाया झाली होती. त्यांनी सिल्व्हर नायट्रेटचीही नोंद घेतली होती, पण शिकवणीत उरला तो खड्ड्याचा नियम : किडलेला भाग संपूर्ण काढा, शेजारचा धोक्याचा भागही कोरून घ्या, मग भरा. आज हे अघोरी वाटते, पण तेव्हाच्या भरण-साहित्याला दाताशी चिकटणे ठाऊकच नव्हते, त्यामुळे खड्ड्याचा आकारच भरण धरून ठेवत असे. १९५७ मध्ये हवेवर फिरणारा वेगवान एअरोटर बाजारात आला आणि कोरणे इतके सोपे झाले की न कोरण्याचा विचार करायला कारणच उरले नाही.

वेगळे कारण जपानमध्ये सापडले. ओसाका विद्यापीठात मिझुहो निशिनो आणि सहकाऱ्यांनी सिल्व्हर नायट्रेटमधला नायट्रेट काढून त्याच्या जागी फ्लोराइड आणले. हे काम १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन घटक दोन कामे करतात. चांदी जंतू मारते आणि डेंटिनमधल्या कोलाजेन या प्रथिनाचे विघटन रोखते. फ्लोराइड कॅल्शियमशी जुळून विरघळलेला खनिजांश पुन्हा बसायला मदत करते. सातत्याने रडणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाच्या पुढच्या चार दातांसाठी याहून सोपे काही नव्हते. १९७० मध्ये ३८ टक्क्यांचे औषध 'साफोराइड' नावाने जपानमध्ये मंजूर झाले. पश्चिमेत मात्र ते चार दशके पोहोचले नाही. ऑस्ट्रेलियात सिल्व्हर फ्लोराइडचा वेगळा प्रयोग चालला, पण १९९० च्या दशकात तिथल्या औषधातल्या फ्लोराइडच्या प्रमाणावरून वाद पेटला. काळा डाग सगळीकडेच आडवा येत होता. आणि मोठी अडचण ही, की चांगल्या आखणीच्या चाचण्याच नव्हत्या. 'आमच्याकडे उपयोग होतो' एवढ्यावर कोणी मार्गदर्शक तत्त्वे बदलत नाही, बदलूही नयेत.

ही उणीव भरून काढणारी चाचणी दक्षिण चीनमधल्या ग्वांगजोऊच्या बालवाड्यांत झाली. चुन-हुंग चू, एडवर्ड लो आणि ह्वान-त्साय लिन यांनी ती २००२ मध्ये प्रसिद्ध केली. ३ ते ५ वर्षांची ३७५ मुले, वरचे पुढचे दुधाचे दात, पाच गट. पहिल्या गटात मऊ कीड हाताने खरवडून वर्षातून एकदा ३८ टक्के एसडीएफ. दुसऱ्यात न खरवडता तेच. तिसऱ्या-चौथ्यात दर तीन महिन्यांनी ५ टक्के सोडियम फ्लोराइड वार्निश (दातावर चिकटून राहणारा फ्लोराइडचा लेप), एकदा खरवडून आणि एकदा न खरवडता. पाचव्याला नुसते पाणी. अडीच वर्षांनी प्रत्येक मुलामागे सरासरी किती किडलेले पृष्ठभाग थांबले? अनुक्रमे २.५, २.८, १.५, १.५ आणि १.३.

हे पाच आकडे सावकाश वाचण्यासारखे आहेत. वर्षातून एकदा लावलेला थेंब वर्षातून चारदा लावलेल्या वार्निशपेक्षा सरस ठरला, हे सगळे सांगतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खरवडण्याने काही फरक पडला नाही. न खरवडलेल्या गटाचा आकडा किंचित वरच आहे. खरवडलेल्या दातांचा काळेपणा थोडा कमी दिसला इतकेच. ब्लॅक यांच्यापासून चालत आलेले 'आधी सगळे काढा' हे सूत्र या जागी लागू पडत नव्हते. शेवटचा १.३ हा आकडाही विसरू नये. नुसते पाणी लावलेल्या मुलांतही काही कीड आपणहून थांबली, कारण कड तुटून पोकळी उघडी पडली आणि ब्रश पोहोचू लागला की कीड थांबू शकते. म्हणूनच तुलनेचा गट नसलेल्या चाचणीतले '८० टक्के यश' वाचताना सावध राहावे.

पुढच्या चाचण्यांनी मात्रा ठरवली. क्युबातल्या सांतियागोमध्ये सहा वर्षांच्या ४२५ मुलांचे दोन गट करून एकाला दर सहा महिन्यांनी थेंब लावला, दुसऱ्याला नाही, आणि तीन वर्षे पाहिले. नव्या किडीची सरासरी दुधाच्या दातांवर थेंब न लावलेल्यांत १.४ पृष्ठभाग तर लावलेल्यांत ०.३ होती, आणि पहिल्या पक्क्या दाढांवर १.१ विरुद्ध ०.४. नेपाळमध्ये, काठमांडूच्या शाळांत, ९७६ मुलांच्या चाचणीत थेंब फक्त एकदाच लावला. ३८ टक्क्यांचा उपयोग झाला पण काळाबरोबर ओसरत गेला; १२ टक्क्यांचे द्रावण कुचकामी ठरले. हाँगकाँगमध्ये ८८८ बालकांवर दोन्ही तीव्रता आणि दोन्ही अंतरे एकत्र तपासली गेली, निकाल २०१८ मध्ये आला. १२ टक्के वर्षातून एकदा लावल्यास ५५.२ टक्के कीड थांबली, दोनदा लावल्यास ५८.६, ३८ टक्के एकदा लावल्यास ६६.९, दोनदा लावल्यास ७५.७. स्वस्तात पडते म्हणून द्रावण पातळ करणे किंवा एकदाच लावून मोकळे होणे, या दोन्ही मोहांना यात उत्तर आहे.

समांतर दुसरा धागाही विणला जात होता. किडलेला भाग आत ठेवून वरून हवाबंद केले तर साखर न मिळाल्याने जंतू निष्प्रभ होतात, हे अमेरिकेत मेर्ट्झ-फेअरहर्स्ट यांच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्याने १९९८ मध्ये दाखवले. स्कॉटलंडमध्ये नॉर्ना हॉल या दंतवैद्य दुधाच्या दाढेवर न कोरता, भूल न देता थेट स्टीलची टोपी दाबून बसवत. टेसाइडमध्ये १३२ मुलांवर चाचणी झाली. पाच वर्षांत दुखणे, गळू अशा मोठ्या अपयशाचे प्रमाण टोपीत ३ टक्के, नेहमीच्या भरणात १६.५ टक्के. एसडीएफकडे एकटे औषध म्हणून न पाहता या विचाराचा भाग म्हणून पाहिले की त्याची जागा कळते.

अमेरिकेत औषध प्रशासनाने २०१४ मध्ये त्याला दात ठणकण्यावर परवानगी दिली, किडीवर नव्हे. दंतवैद्य किडीवर वापरत राहिले. तिथल्या मोठ्या बहुकेंद्री चाचणीत सहा महिन्यांनी ५४ टक्के कीड थांबलेली आढळली, प्लासिबो (म्हणजे औषध नसलेले द्रावण लावलेल्या) गटात २१ टक्के. मधल्या तपासणीत हा फरक दिसताच प्लासिबो गट बंद केला गेला, आणि तेच योग्य होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एसडीएफचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

प्रत्यक्ष लावताना चूक कुठे होते? बहुतेकदा कोरडेपणात. लाळ आली की द्रावण पसरते, लाळेतल्या क्लोराइडशी चांदी तिथेच साखळते आणि डेंटिनच्या नळ्यांत शिरत नाही. म्हणून क्रम असा : ओठ आणि हिरड्यांना व्हॅसलिन, पोकळीतले अन्न आणि थर पुसून काढणे, कापसाच्या गुंडाळ्या, दात सुकवणे, ब्रश थेंबात बुडवून कडेला निथळून घेणे, मिनिटभर चोळणे, जादाचे टिपून घेणे. थेंब ताटलीत पाडून ठेवू नये. उजेडात तो बिघडतो. त्वचेवरचा डाग मेंदीसारखा दोन-तीन आठवड्यांत उतरतो, कपड्यावरचा कधीच नाही. काळा फक्त किडलेला भाग होतो, निरोगी इनॅमल नाही. पण तो काळा कायमचा, हे थेंब लावण्याआधी पालकांना फोटो दाखवून सांगावे लागते. नंतर सांगितले तर तक्रार रास्त असते.

दोन ते चार आठवड्यांनी फेरतपासणी. नुसता काळा रंग पुरावा नव्हे. सळई फार न दाबता फिरवली तर पृष्ठ काचेसारखे कडक आणि गुळगुळीत लागले पाहिजे. मऊ लागले तर पुन्हा लावायचे. पुढच्या दातांत यश जास्त, दाढांत कमी, कारण दाढेच्या खोल पोकळीत अन्न अडकत राहते. तिथे थेंबानंतर वरून ग्लास आयोनोमर हे दाताला चिकटणारे सिमेंट भरतात.

चांदीची ॲलर्जी किंवा तोंडात जखमा असतील तर थेंब लावत नाहीत. रात्री आपोआप ठणकणारा दात, हिरडीवर पुटकुळी, हलणारा दात असेल तर नस गेलेली असते. तिथे थेंब लावणे म्हणजे वरून काळे करून आत पू ठेवणे. 'दुधाचे दात तर पडणारच' म्हणून अशी दाढ सोडून देणारे घर अजून बरेच भेटते. मागची दुधाची दाढ साधारण १०-१२ व्या वर्षापर्यंत टिकायची असते, आणि कीड तिला अनेकदा चौथ्या वर्षीच लागलेली असते.