मधुमेहात बायपास की स्टेंट: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मधुमेह असलेल्या माणसाच्या हृदयाच्या दोन-तीन धमन्या अरुंद झाल्या, तर बायपास करावा की स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) घालावा? आज हा प्रश्न रुग्णाचे नातेवाईकही विचारतात. १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेत ‘बारी’ ही चाचणी सुरू झाली, तेव्हा मात्र ती आखणाऱ्यांनीही मधुमेहींसाठी तो वेगळा मांडला नव्हता.

त्यांचा प्रश्न साधा होता. रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये क्लीव्हलँडला पायातली शीर काढून ती अडथळ्याच्या पलीकडे जोडायला, म्हणजेच बायपास करायला, सुरुवात केली होती. पुढे १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी छाती न उघडता, बारीक फुगा आत नेऊन हृदयाची धमनी रुंद करून दाखवली. फुग्याचा वापर झपाट्याने वाढला. पण एकाहून अधिक धमन्यांत अडथळे असतील तर फुगा बायपासच्या तोडीचा ठरतो का, हे कोणी नीट मोजलं नव्हतं. ‘बारी’त १,८२९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी झाली. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं.

खरी बातमी दुसरीच होती. चाचणी चालू असताना सुरक्षिततेवर नजर ठेवणाऱ्या समितीने मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचे आकडे वेगळे काढायला लावले. असे ३५३ जण होते. त्यांच्यापैकी बायपास गटातले ८०.६ टक्के पाच वर्षांनी हयात होते, फुगा गटातले ६५.५ टक्के. फरक एवढा मोठा, की सविस्तर निबंध छापून येण्याआधीच, सप्टेंबर १९९५ मध्ये, अमेरिकेच्या सरकारी हृदय संस्थेने डॉक्टरांसाठी जाहीर इशारा काढला.

आक्षेप लगेच आले, आणि ते पोकळ नव्हते. हा गट आधी ठरवलेला नव्हता. आकडे पुरेसे चाळले की काहीतरी सापडतंच. शिवाय चिठ्ठीला नकार देऊन ज्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार निवडला, त्यांच्यात एवढी दरी दिसली नाही. तरीही पुढच्या विश्लेषणातली एक गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. बायपासचा हा फायदा सगळ्यांना मिळालाच नव्हता. ज्यांना छातीच्या आतल्या बाजूची मॅमरी धमनी जोडली होती, त्यांनाच तो मिळाला. फक्त पायातल्या शिरा वापरलेल्यांचे हृदयविकाराने झालेले मृत्यू फुग्याच्या गटाच्या जवळपास जात होते. म्हणजे ‘बायपास’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या शस्त्रक्रिया मोजल्या जात होत्या.

यामागचं कारण आजाराच्या स्वभावात आहे. मधुमेहात चरबीचे थर एखाद्या ठिकाणी साचून थांबत नाहीत. धमनीच्या बऱ्याच लांबीवर पसरतात, नवे तयार होत राहतात. फुगा किंवा स्टेंट आज दिसणाऱ्या अडथळ्याची जागा मोकळी करतो. बायपास अडथळ्याच्या बराच पुढे जाऊन रक्त पोचवतो, त्यामुळे उद्या अलीकडे नवा अडथळा आला तरी पुढचा भाग तगून राहतो. मॅमरी धमनी स्वतः सहसा बंद पडत नाही. दहा वर्षांनंतरही बहुतेकांत ती चालू असते. पायातल्या शिरांबद्दल तसं म्हणता येत नाही.

पण तोवर फुगा मागे पडून जाळीदार स्टेंट आला होता, आणि ‘बारी’ जुन्या तंत्राची चाचणी ठरली. साध्या स्टेंटशी तुलना होईतो, धमनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून हळूहळू औषध सोडणारे स्टेंट आले. अमेरिकेत पहिल्याला २००३ मध्ये परवानगी मिळाली. दर वेळी एकच बचाव: ते जुनं, आता नवं आहे. तो खोटा नव्हता, पण सोयीचा मात्र होता.

म्हणून हृदयरोगतज्ज्ञ व्हॅलेंटिन फुस्टर यांच्या नेतृत्वाखाली फक्त मधुमेहींची ‘फ्रीडम’ चाचणी झाली. १,९०० रुग्ण, एकाहून अधिक धमन्यांत अडथळे, आणि स्टेंट औषधवाले. २०१२ मध्ये निकाल आला. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी झालेले स्टेंट गटात २६.६ टक्के, बायपास गटात १८.७ टक्के. नुसते मृत्यू पाहिले तर १६.३ विरुद्ध १०.९. पक्षाघाताचं पारडं मात्र उलटं होतं: स्टेंट गटात २.४ टक्के, बायपासनंतर ५.२. ही किंमत रुग्णाला सांगताना गाळली जाऊ नये.

जुना बचाव तेव्हाही परतला, कारण ‘फ्रीडम’मधले स्टेंटही एव्हाना जुने झाले होते. २०१५ च्या ‘बेस्ट’ चाचणीत नवे स्टेंट होते. त्यातल्या मधुमेहींमध्येही पारडं बायपासकडेच झुकलं. २०२१ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणाऱ्या डाव्या धमनीसह (एलएडी) अनेक धमन्यांचा आजार असलेल्या मधुमेहींसाठी बायपास, तोही मॅमरी धमनी जोडून, अशी ठाम शिफारस केली. एकाच ठिकाणचा अडथळा, चालू असलेला हार्ट अटॅक, किंवा शस्त्रक्रिया न झेपणारा रुग्ण, यांचा हिशोब वेगळा.

प्रत्यक्षात अडचण वेळेची असते. अँजिओग्राफी चालू असताना, टेबलावरच्या अर्धवट गुंगीतल्या माणसाला ‘लगेच स्टेंट घालून टाकू का?’ असं विचारलं, तर तो हो म्हणणारच. म्हणूनच अशा रुग्णाला टेबलावरून उतरवून, हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद दोघांनी चर्चा केल्यावरच निर्णय घ्यावा, यावर ‘फ्रीडम’नंतर भर दिला जाऊ लागला.